भुंकणे कोण शिकवते?

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरवर जोतिबाचा डोंगर आहे. गावाचे कागदोपत्री नाव वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा. पण बोलताना सगळे त्याला जोतिबाच म्हणतात. देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना नारळ, गुलाल, खोबरे आणि दवण्याची दुकाने आहेत, आणि दुकानांना लागून घरे. अशाच एका घरात आमचे एक शिक्षकमित्र राहतात. माघ महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दोघे सहकारी त्यांच्याकडे गेलो होतो. हे रविवार खेट्यांचे असतात. कोल्हापुरातून आणि आसपासच्या गावांतून भाविक पायी डोंगर चढून येतात. पहाटेपासून पायऱ्यांवर ‘चांगभलं’चा गजर चालू होता, आणि त्या गजरातूनही ऐकू येईल असा दुसरा एक आवाज सरांच्या दारातून येत होता. जेमतेम तीन महिन्यांचे एक पिल्लू दाराच्या कडीला बांधलेले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर जीव तोडून भुंकत होते.

महिनाभरापूर्वी ते पायऱ्यांवरच सापडले होते. मूळचे पांढरे; पण गुलालात लोळून गुलाबी झालेले, म्हणून मुलांनी त्याचे नाव ‘गुलाल’ ठेवले. आता मात्र घरात सगळे त्याला कंटाळले होते. सरांची मुलगी दहावीला होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. शेजारच्या घरात तान्हे बाळ होते. घरातली एक खोली यात्रेकरूंना उतरायला दिली जाई, आणि आलेला पाहुणा दारातूनच मागे फिरे. शेवटी ठरले होते, की चैत्र यात्रेपर्यंत पिल्लू गप्प झाले तर ठीक, नाही तर त्याला डोंगराखाली सोडून यायचे.

“कुत्रं हाय म्हटल्यावर भुंकणारच की,” आजी म्हणाल्या, “पर किती भुंकावं?”

आजींचा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने नेमका होता. कुत्र्याने भुंकू नये अशी अपेक्षा चुकीची आहे. ते इतके का भुंकते आणि कमी कसे करता येईल, एवढाच प्रश्न आहे. हा प्रश्न घराघरांतला आहे. शिवाय शिकणे म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी वर्गाबाहेरचे इतके सोपे उदाहरण मिळणार नाही. म्हणून तो आपण जरा तपशिलाने पाहू.

कुत्रे भुंकते म्हणजे काय करते?

कुत्रा हा लांडग्याचा वंशज. पण पूर्ण वाढलेला लांडगा फार क्वचित भुंकतो. भुंकतो तेव्हाही बहुधा बिळाजवळ धोका आला म्हणून, आणि थोडाच वेळ. कुत्रा मात्र अनोळखी माणसावर भुंकतो, खेळताना भुंकतो, एकटा पडला की भुंकतो आणि दुसरे कुत्रे भुंकले म्हणूनही भुंकतो.

असे का होते, याविषयी कॅथरिन लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक विचार मांडला. घुबड किंवा साप दिसला की साळुंक्या आणि कावळे त्याच्याभोवती कसा कलकलाट करतात, ते आपण पाहतो. भुंकणे हे मूळचे तसलेच असावे, असे त्यांचे म्हणणे आहे. पळून जावेसे वाटते, पण घरटे, पिल्ले किंवा आपली जागा सोडवत नाही, अशा कात्रीत सापडलेला प्राणी मोठ्याने आवाज करतो. कुत्रा माणसाच्या वस्तीत राहू लागल्यावर अशा कात्रीचे प्रसंग त्याच्या आयुष्यात रोजचे झाले. दाराच्या कडीला बांधलेल्या पिल्लाचा विचार करा. समोरून अनोळखी माणूस येतो आहे आणि दोरीमुळे मागे सरकता येत नाही. मग त्याच्या हाती आवाजाखेरीज उरते काय?

सगळे भुंकणे एकसारखेही नसते. अमेरिकेतील पशुवैद्य सोफिया यिन आणि ब्रेंडा मॅककोवन यांनी २००४ मध्ये १० कुत्र्यांच्या ४६७२ भुंकण्यांचे ध्वनिमुद्रण तपासले. दाराची घंटा वाजल्यावरचे भुंकणे खालच्या पट्टीतले, खरखरीत आणि पाठोपाठ येणारे होते. एकटे कोंडल्यावरचे आणि खेळातले भुंकणे वरच्या पट्टीतले आणि अधिक सुरेल होते. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील संशोधकांनी अशी ध्वनिमुद्रणे माणसांना ऐकवली. कुत्रा कोणत्या प्रसंगी भुंकत असावा हे लोकांना निव्वळ अंदाजाने येईल त्यापेक्षा बरेच अधिक ओळखता आले. ज्यांनी कधी कुत्रे पाळले नव्हते त्यांनाही ते जमले. म्हणजे भुंकणे थांबवण्यापूर्वी ते कशासाठी आहे हे कान देऊन ऐकणे ही पहिली पायरी आहे.

वही काय सांगते?

आम्ही सरांना कोणताही उपाय लगेच सांगितला नाही. मुलीला एक वही करायला सांगितली. वहीत तीन रकाने: भुंकण्याआधी काय घडले, गुलाल किती वेळ भुंकला, आणि भुंकल्यानंतर काय घडले. सात दिवस फक्त नोंदी करायच्या, बाकी काही करायचे नाही.

वर्तनाचा अभ्यास करणाऱ्याला तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा असतो. त्याचे कारण एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत आहे. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत त्याने भुकेल्या मांजरांना लाकडी पेट्यांत बंद केले. आतली एखादी दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे आणि बाहेर ठेवलेले खाणे मिळे. मांजर आधी ओरबाडे, धडका देई, आणि कधी तरी योगायोगाने दोरी ओढली जाई. पुन्हा पुन्हा पेटीत ठेवल्यावर निरुपयोगी धडपड कमी होत गेली आणि दोरी ओढायला लागणारा वेळ घटत गेला. यातून थॉर्नडाइकने ‘परिणामाचा नियम’ मांडला: ज्या कृतीनंतर प्राण्याला समाधान मिळते ती कृती पुढे अधिक होते; ज्या कृतीनंतर त्रास होतो ती कमी होते. पुढे बी. एफ. स्किनर यांनी याच पायावर ‘साधक अभिसंधाना’चा सविस्तर अभ्यास केला. कृती बळकट करणाऱ्या परिणामाला ‘प्रबलन’ असे नाव आहे.

आता वहीतल्या नोंदी पाहू. त्या साधारण अशा होत्या. फुलांची पाटी घेऊन बाई पायऱ्या उतरल्या; गुलाल भुंकला; बाई निघून गेल्या. हलगी वाजवत मंडळी आली, गुलाल भुंकला, मंडळी पुढे गेली. ताईने अभ्यासाला दार लावून घेतले; गुलाल भुंकला; ताई बाहेर येऊन ओरडली. दुपारी सगळे झोपले, गुलाल भुंकला, आजीने खिडकीतून भाकरीचा तुकडा टाकला. आणि पहिल्याच पानावर एक नोंद आमच्याविषयी होती: पाहुणे चहा पीत होते, गुलाल भुंकला, पाहुण्यांनी गप्प बसावे म्हणून बिस्कीट दिले.

ही वही वाचल्यावर वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही. पिल्लाच्या बाजूने तिसरा रकाना वाचला, तर भुंकणे ही आजवर कधीच वाया न गेलेली कृती होती.

यात्रेकरू काय शिकवतात?

या नोंदींपैकी यात्रेकरूंची गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पायऱ्यांवरून जाणारा माणूस देवाच्या दर्शनाला निघालेला असतो. पिल्लू भुंको वा न भुंको, तो पुढे जाणारच असतो. पण हे पिल्लाला ठाऊक नाही. त्याच्या अनुभवात क्रम एवढाच: परका आला, मी भुंकलो, परका गेला. नको असलेली गोष्ट दूर झाल्यामुळे कृती बळकट होते, याला ‘नकारात्मक प्रबलन’ म्हणतात. (हे नाव फसवे आहे. ही शिक्षा नव्हे. शिक्षेने कृती कमी होते. नकारात्मक प्रबलनाने ती वाढते.) पोस्टमनवर कुत्री का भुंकतात, याचेही उत्तर यात आहे. पोस्टमन येतो, कुत्रे भुंकते आणि पोस्टमन निघून जातो.

एरवीच्या गावात असा धडा दिवसातून काही वेळा मिळेल. जोतिबावर तो रविवारी दिवसभर मिळतो आणि चैत्र पौर्णिमेला, लाखो लोक आणि उंच सासनकाठ्या डोंगरावर येतात तेव्हा, अखंड मिळतो. गुलालाला भुंकणे शिकवणारी एवढी मोठी शाळा दारातच भरत होती, आणि सरांनी त्याला नेमके पहिल्या बाकावर बांधले होते.

आजीच्या भाकरीचा मुद्दा वेगळा. आजी प्रत्येक वेळी तुकडा टाकत नसत. फारच झाले की टाकत. आपल्याला वाटेल की कधीमधी दिल्याने फारशी सवय लागणार नाही. प्रत्यक्षात उलटे घडते. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात कबुतरांवरील असंख्य नोंदी दिल्या आहेत. त्यांच्या आणि नंतरच्या प्रयोगांतून दिसले, की अधूनमधून आणि अनिश्चितपणे प्रबलन मिळालेली कृती मोडायला अधिक कठीण असते. दर वेळी खाणे मिळत असेल आणि ते बंद झाले, तर फरक लगेच कळतो. कधीमधी मिळत असेल, तर ‘आणखी थोडे भुंकून पाहू’ याला अंत राहत नाही. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आणि ताईचे ओरडणे? तिला वाटत होते ती शिक्षा आहे. पण दोरीला बांधून एकट्या ठेवलेल्या पिल्लाला घरातले माणूस बाहेर येणे, त्याने आपल्याकडे पाहणे, आपल्यासाठी आवाज करणे, हेच हवे होते. शिक्षकांना हे ओळखीचे वाटेल. मागच्या बाकावरच्या मुलाला ‘गप्प बस’ असे दिवसातून वीस वेळा सांगितले, तर ते त्याच्या वाट्याला आलेले वीस वेळचे लक्ष असते. तो शांत बसलेला असताना आपण त्याच्याकडे किती वेळा पाहतो?

मारून गप्प करावे का?

शेजाऱ्यांनी दोन उपाय सुचवले होते: काठी, किंवा तोंड बांधून ठेवणे. शहरांत आणखी एक उपाय विकत मिळतो: भुंकताच विजेचा झटका देणारा गळपट्टा. या उपायांनी आवाज बंद होऊ शकतो हे खरे. पण आवाजामागची भीती जात नाही, उलट वाढते. परका माणूस दिसला आणि पाठीत काठी बसली, असे चार वेळा घडले की पिल्लू दोन गोष्टी जोडते: परका आला की दुखते. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव यांनी कुत्र्यांच्या लाळेवरील प्रयोगांतून दाखवलेले ‘अभिजात अभिसंधान’ ते हेच. घंटा आणि खाणे यांची जोडी जशी जमते, तशीच परका आणि वेदना यांचीही जमते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वर्तनाच्या तक्रारीसाठी आणलेल्या कुत्र्यांच्या मालकांना त्यांनी वापरलेल्या उपायांविषयी विचारले होते. ज्यांनी कुत्र्याला मारले किंवा लाथ घातली होती, त्यांच्यापैकी ४३ टक्के मालकांनी कुत्रे उलट अंगावर आल्याचे सांगितले. ही कुत्री आधीच त्रासदायक होती, हे लक्षात घेऊनही आकडा विचार करायला लावणारा आहे.

‘भुंकणारे कुत्रे चावत नाही’ ही म्हण आपण मुलांना सांगतो. ती भरवशाची नाही. भुंकणारे, घाबरलेले कुत्रेही चावते. पण गुरगुरणे आणि भुंकणे ही निदान आगाऊ सूचना असते. ती सूचना देण्याबद्दल मार खाल्लेले कुत्रे पुढे सूचना न देता चावू शकते. ज्या दारातून यात्रेकरूंची लहान मुले येतात-जातात, तिथे हा धोका पत्करण्यासारखा नाही. सोडून देण्याचा विचारही तपासून पाहायला हवा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हा आहे. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे.

मग करायचे काय?

परिणामाचा नियम उलटा वापरायचा. भुंकण्याचे फळ काढून घ्यायचे आणि शांत राहण्याला फळ द्यायचे. सरांच्या घरी आम्ही ठरवलेला क्रम असा होता.

१. जागा बदलणे. गुलालाला दारातून हलवून मागच्या अंगणात नेले. पायऱ्यांच्या बाजूच्या फाटकाला गोणपाटाचा पडदा लावला. जे दिसत नाही त्यावर भुंकण्याचा सराव होत नाही. शिकवणे सुरू होण्यापूर्वी चुकीचा धडा बंद व्हायला हवा.

२. गरजा भागवणे. पहाटे आणि संध्याकाळी, गर्दी नसताना, फिरवणे. कुरतडायला काही तरी देणे. दुपारी निवांत झोपू देणे. लहान पिल्लू दिवसाचा बराच मोठा भाग झोपते. झोप न झालेले पिल्लू चिडचिडे होते, अगदी तान्ह्या बाळासारखेच.

३. ‘पुरे’ शिकवणे. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द ठरवला. गुलाल दोन-तीनदा भुंकला की जवळ जायचे, आवाज न चढवता ‘पुरे’ म्हणायचे आणि भाकरीचा लहानसा तुकडा नाकाजवळ धरायचा. तुकडा हुंगायला लागले की भुंकणे थांबते. दोन सेकंद शांतता झाली की तुकडा द्यायचा. जमले की दोनाचे पाच, पाचाचे दहा, दहाचे वीस सेकंद करायचे. वेळ साधणे महत्त्वाचे: शांतता आणि तुकडा यांच्यात सेकंदभरापेक्षा जास्त अंतर पडले, तर पिल्लू भलतीच कृती तुकड्याशी जोडते. (तुकडा भाकरीचा चालेल. बेदाणे, कांदा आणि चॉकलेट मात्र कुत्र्यांना विषारी ठरतात. प्रसादाच्या ताटातले बेदाणे मुले हौसेने भरवतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले पाहिजे.)

इथे एक अडचण येते. हुशार पिल्लू असेही शिकू शकते: भुंकावे, मग ‘पुरे’ ऐकावे, मग गप्प बसून तुकडा घ्यावा! म्हणून माणूस जाऊनही जेव्हा ते मुळीच भुंकले नाही, तेव्हा त्याला अधिक चांगला खाऊ द्यायचा. भुंकून गप्प बसण्यापेक्षा आधीपासून गप्प राहणे अधिक फायद्याचे ठरले पाहिजे.

४. परक्याची भीती घालवणे. अंगणाच्या ज्या कोपऱ्यातून माणसे दिसतात, पण गुलाल भुंकत नाही, इतके अंतर शोधले. तिथे बसून, माणूस दिसला की तुकडा, माणूस गेला की तुकडे बंद. क्रम पाळायचा: आधी माणूस, नंतर खाणे. पावलोव यांची जोडी आता आपल्या बाजूने काम करते. काही दिवसांनी अंतर एकेक पाऊल कमी करायचे. हलगीचा आवाजही असाच: मोबाईलवर मुद्रित करून आधी अगदी हळू वाजवायचा, खाणे द्यायचे आणि मग हळूहळू वाढवायचा.

५. एकटेपणाची सवय. ताईने दार लावून पाच सेकंदांत, तो गप्प असतानाच, बाहेर यायचे. मग दहा सेकंद, मग मिनिट. भुंकत असताना दार उघडायचे नाही.

या सगळ्याला वयाचीही साथ होती. स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसे, प्राणी आणि आवाज यांच्याशी सर्वांत सहज ओळख करून घेते, असे त्यांना दिसले. गुलाल या काळाच्या शेवटाला होता. नंतर शिकणे थांबते असे नाही, पण कष्ट जास्त लागतात. त्याच दोघांना जातीजातींतही फरक दिसला. आफ्रिकेतील बसेंजी जातीची कुत्री क्वचितच भुंकतात, तर कॉकर स्पॅनियल सहज भुंकतात. म्हणजे पाया अनुवंशाचा असतो; पण आपले पिल्लू कधी, कोणावर आणि किती वेळ भुंकते यात आपला वाटा मोठा असतो.

आधी वाढेल, मग कमी होईल

चौथ्या-पाचव्या दिवशी सरांचा फोन आला. भुंकणे कमी होण्याऐवजी वाढले होते. दुपारी भाकरी मिळेना म्हणून गुलालाने आकाशपाताळ एक केले होते.

हे अपेक्षितच होते. ज्या कृतीला फळ मिळत होते ते अचानक बंद झाले, की प्राणी ती कृती आधी अधिक जोराने करून पाहतो आणि मग सोडून देतो. दिवा लागला नाही तर आपणही बटण चार वेळा खटखट करतोच. फळ न मिळाल्याने कृती नाहीशी होण्याला ‘विलोपन’ म्हणतात आणि त्याच्या सुरुवातीला अशी उसळी अनेकदा येते. खरी परीक्षा या वेळी घरच्यांची असते. या उसळीला कंटाळून आजींनी एक तुकडा टाकला असता, तर गुलाल काय शिकला असता? दहा मिनिटे पुरत नाहीत, अर्धा तास भुंकावे लागते! बहुतेक घरांत शिकवणे इथेच फसते. मग लोक ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ असे म्हणून मोकळे होतात. आजींनी मन घट्ट केले. “म्या भाकरी न्हाई टाकली,” त्यांनी आम्हाला फोनवर आवर्जून सांगितले. त्या आठवड्यातली ही सर्वांत महत्त्वाची नोंद होती.

कुत्रे शांत राहायला शिकते याचा याहून मोठा पुरावा महाराष्ट्राला माहीत आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या पथकात ‘झंजीर’ नावाचा लॅब्रॅडोर होता. पुण्यातील राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तो शिकला होता. ३३०० किलोहून अधिक आरडीएक्स शोधून काढण्याचे श्रेय त्याला दिले जाते. नोव्हेंबर २००० मध्ये तो वारला, तेव्हा त्याला शासकीय मानवंदना देण्यात आली. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्यांना सर्वसाधारणपणे असे शिकवतात, की वास लागला तर भुंकायचे नाही, उकरायचे नाही. जागीच शांत बसायचे. कुत्र्याच्या दृष्टीने हा सर्वांत उत्तेजित होण्याचा क्षण असतो. तेव्हाही ते गप्प बसते, कारण गप्प बसल्यावर चेंडू किंवा खाऊ मिळतो हे त्याने शेकडो वेळा अनुभवलेले असते.

चैत्रात काय झाले?

दहावीची परीक्षा पार पडली. चैत्र यात्रेपूर्वीच्या रविवारी आम्ही पुन्हा जोतिबावर गेलो. फाटकावरचा पडदा तसाच होता. आम्ही आत आलो तेव्हा गुलाल तीन-चारदा भुंकला, मग वहिनींच्या हाताकडे पाहून गप्प झाला आणि शेपूट हलवत जवळ आला. आमच्या दृष्टीने हे यशच होते. कोणी आले तर कुत्र्याने सांगावे. ‘कळले’ म्हटल्यावर थांबावे. राखणीला तेवढे पुरते.

यात्रेच्या मुख्य दिवशी मात्र त्याची परीक्षा घ्यायची नाही, असे आम्ही सुचवले. इतका गर्दी-गजर कोणत्याही पाच महिन्यांच्या पिल्लाच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्या दिवशी तो मागच्या खोलीत, दार लावून, चघळायला काही तरी घेऊन राहिला. बालवाडीतल्या मुलाला आपण दहावीचा पेपर देत नाही. सोडून देण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

वर्गासाठी

हा प्रयोग वर्गातही करता येईल. ज्यांच्या घरी कुत्रे आहे अशा मुलांनी तीन रकान्यांची वही आठवडाभर ठेवावी आणि मग वर्गात फक्त तिसरा रकाना वाचावा. कोणते परिणाम पुन्हा पुन्हा येतात ते मुलांनाच शोधू द्यावे. वरच्या वर्गांसाठी आणखी एक प्रयोग आहे. परक्यावरचे, खेळातले आणि एकटे असतानाचे भुंकणे मोबाईलवर मुद्रित करा आणि न सांगता ऐकवा. तीन पर्यायांतून निव्वळ अंदाजाने सांगितले तर साधारण तीनांत एक उत्तर बरोबर येईल. वर्गाची बरोबर उत्तरे त्याहून स्पष्टपणे जास्त आली, तर भुंकण्यातून माहिती मिळते असे म्हणता येईल. आकडा किती मोठा झाला म्हणजे ‘स्पष्टपणे जास्त’ म्हणायचे, यावर संख्याशास्त्राचा चांगला तास होईल.

दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. अनोळखी कुत्र्याला मुद्दाम भुंकायला लावू नये. कुत्रे चावलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून ताबडतोब दवाखान्यात जावे. पाळलेल्या पिल्लाला रेबीजची लस वेळेवर द्यावी. एरवी शांत असलेले कुत्रे अचानक फार भुंकू लागले तर ते आजारी असू शकते. त्याचा आवाज घोगरा झाला आणि वागणेही बदलले, तर ते रेबीजचेही लक्षण असू शकते. तेव्हा शिकवायला न बसता, त्याच्यापासून दूर राहून पशुवैद्यांना बोलवावे.

गुलालाची वही सरांनी शाळेत नेली आहे. पहिल्या पानावरची आमच्या बिस्किटाची नोंद ते मुलांना मुद्दाम वाचून दाखवतात. भुंकणे कोण शिकवते, या प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत आहे. ते आम्हाला इतकी वर्षे वर्तनाचा अभ्यास करूनही, हातात चहाचा कप असताना, आठवले नव्हते.